दोन फुटांचं जोतं असताना खड्डा कशाला?

पत्र: नागपुरात बेसा भागात आमचं घर आहे. मागच्या अंगणात १४ बाय २० फुटांचा डेक (फळ्यांचा ओटा) करायचा आहे आणि त्यातच चार जणांचा हॉट टब बसवायचा आहे. टब साडेसहा बाय साडेसहा फूट, उंची ३ फूट. घराचं जोतं दोन फूट. माती काळी आहे, उन्हाळ्यात भेगा पडतात. ठेकेदार म्हणतो, तीन फूट खड्डा करून टब आत सोडू, डेक जमिनीलगत ठेवू, म्हणजे हॉटेलात असतो तसा टब डेकच्या बरोबरीत येईल. वायरमन गिझरच्या लाइनवरून जोड द्यायचं म्हणतो. मेन बोर्डापासून टब २२ मीटर लांब आहे. घरात ७२ वर्षांची आई आणि चार वर्षांचा नातू. पाणी बोअरचं. डेकला सागवान घ्यावं की डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली फळी)? आणि पावसाळ्याआधी काम उरकेल का?
— एक वाचक, नागपूर

नमस्कार,

खड्डा खणू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ते दोन फुटांचं जोतं. टब जमिनीवर ठेवा आणि डेक जोत्याच्या उंचीला न्या, टब आपसूक डेकमध्ये बसलेला दिसेल.

हिशेब असा. टबाखालचा स्लॅब जमिनीपासून ४ इंच वर. त्यावर ३ फुटांचा टब, म्हणजे काठ ४० इंचांवर. डेकचा माथा २२ इंचांवर ठेवला की काठ डेकच्या वर १८ इंच उरतो, खुर्चीच्या बैठकीएवढा. आईंना काठावर बसून, दांडी धरून, एकेक पाय आत घेता येईल. धावत आलेला नातू सरळ पाण्यात जाणार नाही, आणि झाडलेला केरकचराही टबात जाणार नाही. दाराचा उंबरठा २४ इंचांवर आहे, डेक त्याच्या दोन इंच खाली, त्यामुळे पावसाचं पाणी घरात यायचं कारण नाही. अंगणातून चढायला सव्वासात इंचांच्या तीन पायऱ्या पुरतात.

हॉटेलात दिसतो तो प्रकारच वेगळा. तिथे काँक्रीटचा, टाइल लावलेला कुंड असतो आणि पंप-हीटर दुसऱ्या खोलीत. तुम्ही घेताय त्या टबाची मोटर, हीटर आणि कंट्रोल बोर्ड त्याच्याच पोटात, तळापासून दोन-चार इंचांवर असतात. तीन फूट खोल खड्ड्यात जुलैमध्ये वीतभर पाणी साचलं तरी सगळं बुडालं. ठेकेदार म्हणेल, समपंप लावू, म्हणजे खड्ड्यातलं पाणी उपसणारा पंप. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं. तसल्या पावसात आधी वीज जाते, मग समपंपाला कोण चालवणार? शिवाय दुरुस्तीसाठी माणूस आत उतरायचा तर टबाच्या चारी बाजूंनी दोन-दोन फूट जागा सोडावी लागते, म्हणजे खड्डा साडेदहा फुटांचा होतो. एवढं खणून हाती काय, तर पाणी धरणारी विहीर.

आता माती. टबाचं रिकामं वजन ३०० किलोच्या आसपास, पाणी सुमारे ११०० लिटर, चार माणसांचे ३०० किलो, एकूण १७०० किलो. चौरस मीटरला साधारण ४३५ किलो पडतात. घराच्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून करतात, म्हणजे हा भार त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून टब डेकच्या फ्रेमवर कधीच ठेवायचा नाही. पण जमिनीच्या मानाने हा भार काहीच नाही. खालच्या काँक्रीटचं वजन धरलं तरी चौरस मीटरला एक टनाच्या आतबाहेर. काळी माती पावसात फुगते तेव्हा तिचा वर ढकलायचा दाब चौरस मीटरला पाच टनांच्या सहज पुढे जातो. म्हणजे टब खचेल ही भीती नाही, उचलला जाईल ही आहे, आणि तोही एका कोपऱ्यातून. पाऊण इंच कलला तरी पाण्याची पातळी वाकडी होते, एका बाजूला गाळणीचं तोंड हवा ओढतं आणि पंप कोरडा फिरतो. नुसता जाड स्लॅब ओतून हे थांबत नाही. माती बदलावी लागते.

१० बाय १० फूट जागा २ फूट खोल खणा. काळी माती सगळी बाहेर. ती बगिच्यात वापरा, भरावात परत घालू नका. तळाला पाणी मारून धुमसाने ठोका. मग मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी आणि प्लेट कॉम्पॅक्टर. दबून १९ इंच भराव व्हायला साधारण दोन ब्रास (२०० घनफूट) मुरूम लागेल. मुरूम पिवळसर-तांबूस, खड्याचा हवा. चिकटून गोळा होणारा आला तर गाडी परत पाठवा. मिस्त्री अख्खा दीड फूट एकदम टाकून वरून पाणी सोडतात आणि ‘बसेल आपोआप’ म्हणतात. बसतो खरा, पण टब ठेवल्यावर.

मुरमावर प्लास्टिकचा जाड कागद, त्यावर ३ इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, सिमेंट-रेती-गिट्टी १:३:६. त्यावर ८ बाय ८ फुटांचा, ६ इंच जाडीचा, एम-२० ग्रेडच्या काँक्रीटचा स्लॅब. सळई ८ मिलिमीटरची, दोन्ही दिशांना ६ इंचांवर, आणि जाळ्या दोन: एक खाली, एक वर. वरची जाळी फालतू खर्च वाटते, पण माती मधोमध फुगली तर स्लॅब वरच्या अंगाने फाटतो, तेव्हा तीच धरते. लोखंड मिळून ६० ते ६५ किलो, सिमेंटची सात-आठ पोती. सळईखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक ४० मिलिमीटरचे. विटेचे तुकडे चालणार नाहीत. स्लॅबचा माथा पूर्ण लेव्हलमध्ये हवा. अंगणाच्या सवयीने मिस्त्री इथेही ढाळ देतो, तो देऊ द्यायचा नाही; ढाळ स्लॅबच्या बाहेरच्या जमिनीला. लेव्हल ट्यूबने चारी कोपरे पाहा, ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. नागपूरच्या कोरड्या हवेत १४ दिवस पाणी धरा आणि २८ दिवसांआधी टब भरू नका.

घराचा पाया, टबाचा स्लॅब आणि डेक या तिन्ही गोष्टी काळ्या मातीत आपापल्या चालीने हलतात. त्यांना एकमेकांत बांधायचं नाही. डेकची फ्रेम घराच्या भिंतीला अँकर करू नका, भिंतीपासून एक इंच सोडा. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात आतल्या खोलीला ओल धरेल. डेकच्या खांबांना ३ फूट खोल, २ बाय २ फुटांचे फुटिंग द्या आणि प्रत्येक खांबाची बेस प्लेट चार बोल्टांवर अशी बसवा की प्लेटच्या खाली एक नट आणि वर एक नट येईल. दोन वर्षांनी एखादा कोपरा उचलला तर पान्याने लेव्हल करता येतो. फॅब्रिकेटर प्लेट थेट काँक्रीटवर टेकवून ग्राऊट भरून टाकतात, तसं करू देऊ नका.

फ्रेम लोखंडाची करा. इथे उधई (वाळवी) इतकी आहे की जमिनीलगतचं लाकूड म्हणजे तिला दिलेलं आमंत्रण. मुख्य पाइप १०० बाय ५० बाय ३ मिलिमीटर, खांब पाच-पाच फुटांवर. आडवे ५० बाय ५० बाय २, सोळा इंचांवर. पाइप गॅल्व्हनाइज्ड घ्या आणि वेल्डिंगने जिथे जस्त जळतं तिथे घासून झिंकचा रंग दोनदा मारा. गंज नेमका तिथूनच सुरू होतो. फळ्या ठोकण्याआधी खालच्या जमिनीला घरापासून लांब असा साठाला एक ढाळ द्या, वर चार इंच गिट्टी पसरा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याकडून उधईचं औषध मारून घ्या. डेकच्या कडेला खालपर्यंत बारीक जाळी लावा. अंगणात उंदीर आले की त्यांच्यामागे दुसरं काय येतं, ते बेसा-पिपळ्याकडच्यांना सांगायला नको.

टब आणि डेक जिथे भेटतात तिथे सगळ्यात जास्त चुका होतात. टबाच्या वरच्या ओठाखाली डेकची फळी टेकवायची नाही. ओठ भार घ्यायला केलेला नसतो, अ‍ॅक्रिलिकला तिथून तडा जातो. सगळीकडे अर्धा इंच मोकळी फट ठेवा. आणि भोक कॅटलॉगच्या मापाने कापू नका. टब स्लॅबवर ठेवा, पूर्ण भरा, दोन दिवस चालवा. भरल्यावर कॅबिनेट जरा फुगतं, ते माप खरं. त्याच दोन दिवसांत टॉर्च घेऊन पंपाच्या आणि हीटरच्या जोडांखाली कोरडा कागद फिरवा. थेंब दिसला तर तेव्हाच जोड आवळा. डेक बंद झाल्यावर तेच काम दहापट महाग पडतं.

यंत्रांची बाजू कोणती, हे टब घेतानाच विचारा आणि ती बाजू अंगणाच्या कडेला येऊ द्या. तिथे डेकमध्ये अडीच बाय पाच फुटांचं उचलता येणारं झाकण ठेवा: खाली चार स्टीलचे स्क्रू, वर फळ्या तशाच, म्हणजे डोळ्याला कळतही नाही. उरलेल्या तीन बाजूंच्या फळ्यासुद्धा खिळ्यांनी न ठोकता स्क्रूनेच लावा. पाइप टबाच्या चारी अंगांनी फिरतात, गळती कुठूनही होते. टबाचं झाकण उचलायचा दांडा बसवणार असाल तर त्याच्या मागे दोन फूट जागा सोडा. ही जागा नकाशात हटकून विसरली जाते आणि मग रेलिंग कापावी लागते.

सागवान की डब्ल्यूपीसी? बिनछताच्या डेकला सागवान. मे महिन्याच्या दुपारी गडद रंगाची डब्ल्यूपीसी फळी साठ अंशांच्या पुढे तापते, अनवाणी पाय ठेववत नाही, आणि टबाकडे माणूस अनवाणीच जातो. सावलीत घालणार असाल तर डब्ल्यूपीसी चालेल, पण मग दहा फुटांच्या फळीच्या टोकांना ६ मिलिमीटर फट सोडा. थंडीत घट्ट बसवलेल्या फळ्या एप्रिलमध्ये कमानीसारख्या उठतात. लकडगंजच्या लाकूडबाजारात सागवान घेताना पांढरा भाग असलेली फळी बाजूला काढा. उधई आणि बुरशी दोन्ही आधी तिथे लागतात. टबाची जागा सोडून २३८ चौरस फूट भरतं. रंधा मारून एक इंच फळी हवी तर सव्वा इंचाची कापून घ्यावी लागते, तेव्हा तूट धरून २७-२८ घनफूट लाकूड सांगा. फळी चार-पाच इंच रुंद, मधे ५ मिलिमीटर फट, स्क्रू ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. टबाच्या आसपास ब्रोमिनचं पाणी उडतं, तिथे ३१६. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर यूव्हीचं डेक ऑइल. नुसतं जवसाचं तेल मारलं तर ऑगस्टमध्ये त्यावर काळी बुरशी चढते.

वीज. गिझरच्या लाइनवरून जोड अजिबात नको. ३ किलोवॅटचा हीटर, दोन पंप आणि ब्लोअर एकदम चालले की टब ३० अँपिअरच्या जवळ जातो. मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन: ३२ अँपिअरचा सी-कर्व्ह डबल पोल एमसीबी (जास्त भार आला की लाइन तोडणारा स्विच), त्यापुढे ४० अँपिअर, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), ६ स्क्वेअर एमएमची तीन कोअर तांब्याची आर्मर्ड केबल. २२ मीटरला पूर्ण भारावर पाच व्होल्टच्या आसपास पडतात, ते चालतं. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज आधीच पडत असेल तर १० स्क्वेअर एमएम घ्या. केबल दोन फूट खोल, पाइपातून, वर रेती आणि विटांची रांग. बंद करायचा स्विच टबातून दिसेल पण पाण्यात बसून हात पोचणार नाही असा, दोन मीटरच्या बाहेर. सॉकेट साडेतीन मीटरच्या आत एकही नको. डेकखालचे दिवे १२ व्होल्टचे. अर्थिंगचा खड्डा वेगळा. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून त्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी. डेकची लोखंडी फ्रेम आणि रेलिंग त्याच अर्थिंगला जोडा.

आरसीसीबी वारंवार पडायला लागली की काही वायरमन ती काढून थेट जोड देतात आणि ‘आता नाही पडणार’ म्हणतात. अशा वायरमनला पुन्हा घरात घेऊ नका. पडते म्हणजे कुठेतरी गळती आहे, बहुतेक वेळा हीटरच्या कॉइलमध्ये. दर महिन्याला तिचं टेस्टचं बटण दाबून पाहा. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. दोन एसी, गिझर आणि हा टब त्यात बसत नसेल तर आधी भार वाढवून घ्या. आणि टबाच्या पाटीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेलं हवं. अमेरिकन बाजारासाठीचा ६० हर्ट्झचा टब स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, इथे त्याची मोटर हळू फिरते आणि तापते.

पहिल्यांदा भरताना पाण्याची नळी गाळणीच्या खणात सोडा. पाणी वरून ओतलं तर पंपात हवा अडकते. मोटर घुमते पण प्रवाह येत नाही. तसं झालंच तर वीज बंद करून पंपाचा जोड अर्धा फेरा सैल करा, हवा फुसकन निघेल, पाणी आलं की आवळा. बोअरचं पाणी आधी तपासून घ्या. कॅल्शियम हार्डनेस (पाण्याचा जडपणा) १५० ते २५० पीपीएम, म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम, यामध्ये हवा. इकडच्या बोअरला तो बराच जास्त असू शकतो आणि मग हीटरवर एका मोसमात पांढरा थर चढतो. नळाचं किंवा आरओचं पाणी मिसळून खाली आणा. मग क्रमाने अल्कलिनिटी ८० ते १२०, पीएच ७.२ ते ७.८, आणि शेवटी ब्रोमिन ४ ते ६ पीपीएम. क्रम उलटा केला तर पीएच हातात राहत नाही. पाणी तीनेक महिन्यांनी बदला आणि रिकामं करताना पाइपने नालीपर्यंत न्या. ११०० लिटर पाणी घराच्या पायथ्याशी काळ्या मातीत सोडलं तर एवढ्या खटाटोपाने टाळलेला फुगवटा तुम्ही स्वतःच आणाल.

हा टब नागपुरात गरम म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच खरा कामाचा. ११०० लिटर पाणी २० वरून ३८ अंशांवर न्यायला २३ युनिट वीज आणि आठ तास लागतात, म्हणून हिवाळ्यात रोज बंद-चालू न करता झाकण घट्ट ठेवून ३६-३७ वर धरून ठेवा. मे महिन्यात प्रश्न उलटा होतो. इथे गच्चीवरच्या टाकीचं पाणीच हात भाजतं, आणि चांगल्या इन्सुलेशनच्या टबात पंपाची उष्णतासुद्धा साठत जाते. तेव्हा हीटर बंद, फिल्टर रात्रीच दोन-दोन तास, आणि वर हिरवी जाळी तरी टाका. पक्कं छत घालायचं तर ते मार्जिनच्या (घराभोवती मोकळी सोडायच्या जागेच्या) नियमांत बसतं का, हे आधी आर्किटेक्टला विचारा. उन्हाळाभर रिकामाच ठेवणार असाल तर तळाचं पाणी स्पंजने पुसून काढा, नाहीतर डासांची सोय होईल, आणि झाकण लावून सावलीत ठेवा. रिकामं अ‍ॅक्रिलिक उन्हात फुगतं आणि सुटतं.

आईंना ३८ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं पुरे, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून. नातवाला गरम टबात अजून नको. पाच वर्षांखालच्या मुलांना तो चालत नाही. अठरा इंचांचा काठ तो चढून जाईलच, म्हणून कुलपाचं झाकण आणि पायऱ्यांच्या तोंडाशी आपोआप बंद होणारं चार फुटांचं फाटक, दोन्ही लावा.

पावसाळ्याआधी घाई करू नका. मे-जूनमध्ये माती पूर्ण सुकून आकसलेली असते, तेव्हा भरलेला भराव पहिल्या पावसात बाजूच्या मातीबरोबर हलतो. जुलैत तर खणणंच होत नाही. दसऱ्यानंतर खणायला घ्या, दिवाळीच्या आसपास स्लॅब, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात टब. टब आधी, फळ्या नंतर. ऑर्डर देण्याआधी घराच्या बाजूचा बोळ मोजा. टब एका कडेवर उभा करून ट्रॉलीवरून न्यायला साडेतीन फूट रुंदी आणि साडेसात फूट मोकळी उंची लागते. छज्जा, एसीचं बाहेरचं युनिट आणि नळाचे पाइप वजा करून. तेवढं नसेल तर हायड्रा (क्रेन) मागवून भिंतीवरून उचलावा लागेल, आणि वरून विजेच्या तारा जात असतील तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय हायड्रावाल्याला बूम वर करू देऊ नका.